एक सेकंद आणि अकरा मिनिटे



उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी शुद्धलेखन कसे सुधारावे, हा तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला प्रश्न मी या महिन्यासाठी ठेवला होता. तो पुढच्या महिन्यात घेते. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच घरच्यांत एक गोष्ट घडली. ती कोणत्याही घरात घडू शकते, म्हणून आधी ती सांगते.

मगरिबची नमाज आटोपून मी पीठ मळायला बसले होते. धुळ्याहून आपाचा फोन आला. माझी ही मोठी बहीण सहसा फोनवर घाई करत नाही. त्या दिवशी मात्र एवढेच म्हणाली, "छोटा गॅलरीवरून पडला. जिवाला काही नाही. तू ये." दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, धुळे. रस्ताभर मनात एकच प्रश्न होता, आठवीतला शहाणा मुलगा गॅलरीवरून पडला कसा?

तो पडलाच नव्हता. त्याने उडी मारली होती.

घरात गेले तर पायाला प्लास्टर, टाचेचे हाड मोडलेले, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही. दुल्हेभाईंनी दोन्ही मुलांचे मोबाईल कपाटात बंद केले होते. ते यंत्रमागावर काम करतात, तीस वर्षे झाली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मुलाला उचलून दवाखान्यात धावावे लागले, तर राग येणारच. शेजारी बांधकाम चालू होते, तिथे वाळूचा ढीग होता. पोरगा पहिल्या मजल्यावरून त्या ढिगाच्या दिशेने झेपावला आणि ढिगाच्या कडेला आपटला. वाळूपासून दोन हात पुढे गेला असता, तर आज मी हे सदर लिहीत बसले नसते.

दुपारी सगळे झोपल्यावर भाचीने पेटीच्या तळातून एक गाठोडे काढले. ती अकरावी सायन्सला आहे. गाठोड्यात एक जुना सदरा-पायजमा होता. बाहीपासून कमरेपर्यंत आणि दोन पायांच्या मधे कोरे सुती कापड शिवलेले. वटवाघळाच्या पंखासारखे. तिने ते माझ्यासमोर पसरले आणि हळूच म्हणाली, "खाला, शिवलं मी होतं. अब्बूंना माहीत नाही." थोडे थांबून पुढचे बोलली, ते मला आजही ऐकू येते. "दुहेरी टाका घातला होता. एकही टाका उसवला नाही बघा. मग तो का पडला?"

मी सूट हातात घेऊन पाहिला. खरेच, एकही टाका उसवला नव्हता. त्या मुलीच्या शिवणकामात काही चूक नव्हती आणि तिच्या प्रश्नातही नव्हती. मी मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण भागाकार मला येतो. उरलेले जळगावला परत आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतले आहे.

आधी, मुलांनी मोबाईलवर काय पाहिले होते ते सांगते. या पंखांच्या पोशाखाला विंगसूट म्हणतात. विमानातून बाहेर उडी मारायची, हातपाय पसरायचे, कापडाचे पंख हवेने भरतात आणि माणूस सरळ खाली पडण्याऐवजी तिरका, पुढे सरकत खाली येतो. शेवटी पॅराशूट उघडून उतरायचे. सेबास्टियन अल्वारेझ नावाचा चिली देशाचा माणूस, तिथल्या हवाई दलातला माजी वैमानिक, २०२५ साली अमेरिकेच्या आकाशात ४१,४७० फुटांवरून असा झेपावला. तो ११ मिनिटे १ सेकंद हवेत राहिला आणि तेवढ्यात ५३.४५ किलोमीटर पुढे गेला. त्याआधी कोलंबियाच्या जोनाथन फ्लोरेझने २०१२ मध्ये ३७,२६५ फुटांवरून उडी घेऊन ९ मिनिटे ६ सेकंदांचा विक्रम केला होता.

४१ हजार फूट म्हणजे साडेबारा किलोमीटरच्या वर. रात्री आपण गच्चीवर झोपतो तेव्हा दिवे लुकलुकत जाणारी मोठी विमाने दिसतात, त्यांच्याही थोडे वर. आणि ५३ किलोमीटर म्हणजे, मी त्या दिवशी ज्या एसटीने गेले तिचाच हिशेब करा. जळगावच्या स्टँडवरून निघून एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या आसपास. एसटीला त्याला तासाच्या वर लागतो. हा माणूस अकरा मिनिटांत गेला, इंजिनाशिवाय.

भाच्याच्या उशाशी एक्स-रेचे मोठे पाकीट होते. त्याच्या मागच्या बाजूला आम्ही तिघांनी हिशेब मांडला. अकरा मिनिटे एक सेकंद म्हणजे ६६१ सेकंद. सगळीच्या सगळी उंची उतरला असे धरले, तरी दर सेकंदाला सरासरी १९ मीटर खाली. म्हणजे ताशी ६९ किलोमीटर. पॅराशूट जमिनीच्या बरेच वर उघडावे लागते, म्हणून खरा वेग याहूनही कमी. आता पंखांशिवाय नुसता पोटावर आडवा होऊन पडणारा माणूस घ्या. दहा-बारा सेकंदांत त्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरवर पोहोचतो आणि तिथे स्थिरावतो, कारण तोवर खालून लागणारा हवेचा जोर त्याच्या वजनाएवढा होतो. म्हणजे विंगसूटने पडण्याचा वेग तिसऱ्या हिश्शावर आणला. अकरा मिनिटे मिळाली ती तिथून.

"मग जितकं उंच जाऊ तितका वेळ जास्त," भाचा पलंगावरून म्हणाला. सगळ्यांना तसेच वाटते. मलाही वाटले होते. पण यात एक गंमत आहे.

१६ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर हे हेलियमच्या फुग्यातून ३१ किलोमीटर वर गेले आणि तिथून उडी मारली. ४ मिनिटे ३६ सेकंद ते खाली येत राहिले, मग मोठे पॅराशूट उघडले. माणूस गरगरू नये म्हणून त्यांच्या पाठीशी एक छोटे पॅराशूट आधीच सोडलेले होते. बावन्न वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०१२ रोजी, ऑस्ट्रियाच्या फेलिक्स बाउमगार्टनर यांनी ३९ किलोमीटरवरून उडी मारली. त्यांनी छोटे पॅराशूट वापरले नाही. ताशी १,३५७ किलोमीटर वेग गाठून ते आवाजाच्याही पुढे गेले. उंची किटिंजरपेक्षा आठ किलोमीटर जास्त. आणि वेळ? ४ मिनिटे २० सेकंद. कमी! २०१४ मध्ये ॲलन युस्टेस यांनी ४१ किलोमीटरवरून उडी मारली, त्यांचा वेळ ४ मिनिटे २७ सेकंद. तोही किटिंजरपेक्षा कमीच.

आणि पंखवाला अल्वारेझ? त्यांच्या निम्म्याहूनही कमी उंचीवरून अकरा मिनिटे.

"म्हणजे उंची वेळ देत नाही," भाची म्हणाली, "हळू पडणं वेळ देतं."

बरोबर. पण हळू पडता यावे यासाठी आधी वेगाने पडावे लागते, आणि इथेच आपल्या वाळूच्या ढिगाचा हिशेब येतो. विंगसूटचे पंख एका थराचे नसतात. दोन थरांची पिशवी असते, आत कापडाच्याच पट्ट्या, आणि पुढच्या कडेला हवा आत शिरण्यासाठी तोंडे. वेगाने येणारी हवा आत कोंबली जाते तेव्हा पंख फुगून ताठ होतो. फुगा फुंकावा तसा. त्याला काही सेकंद जावे लागतात आणि भरपूर वेग लागतो. आमची गॅलरी जमिनीपासून बारा फुटांवर. बारा फूट पडायला किती वेळ लागतो? एक सेकंदही नाही. त्या क्षणी वेग होतो ताशी तीस किलोमीटर. पंखाला हवा कळण्याआधी जमीन आलेली असते. वेग सायकलीपेक्षा जरा जास्त, पण टाचेचे हाड मोडायला पुरेसा.

हे चालले होते तेव्हा दुल्हेभाई केव्हा उठून दारात उभे राहिले ते आम्हाला कळले नाही. गाठोडे उघडेच होते. भाचीचा चेहरा पांढरा पडला. मलाही वाटले, आता काही खरे नाही.

ते आत आले. काही न बोलता त्यांनी सूट उचलला, शिवण बोटाने चाचपली. मग कापडाची एक घडी ओठांना लावली आणि म्हणाले, "खाला, पलीकडे हात धर." मी धरला. त्यांनी जोरात फुंकर मारली. माझ्या तळहाताला वारा लागला. मग खुंटीवरची छत्री काढली, तिच्या कापडाला तोंड लावून तशीच फुंकर मारली. हाताला काहीच लागले नाही.

"हा आपल्या लूमचा कोरा माल," ते मुलीला म्हणाले. "यातून हवा आरपार जाते. म्हणून तर उन्हाळ्यात लोक सुती घालतात. तू शिवलंस चांगलं. कपडा चुकला. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्या घरात चोवीस तासांत बोललेले हे पहिले धड वाक्य होते. माझ्या अंगावर शहारा आला. विंगसूट खरोखरच घट्ट विणीच्या नायलॉनचा असतो, ज्यातून हवा जवळजवळ जात नाही. तीस वर्षे मागासमोर उभा राहिलेला माणूस शाळेत आठवीपर्यंतच गेला, पण त्या दिवशीचा सगळ्यात चांगला तास त्यांनी घेतला.

चहा झाला. आपाचे सासरे, आम्ही त्यांना अब्बाजी म्हणतो, तेही येऊन बसले. त्यांना विषय कळला तसे उत्साहाने म्हणाले, "अरे, हे सगळं आपल्या अब्बास इब्न फिरनासने हजार वर्षांपूर्वी केलंय. दहा मिनिटं उडाला होता!" ही गोष्ट तुमच्याही मोबाईलवर आली असेल. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तर दर महिन्याला येते.

अब्बाजींचा आदर ठेवूनच मी त्यांना जे सांगितले ते इथेही सांगते. अब्बास इब्न फिरनास खरे होते. नवव्या शतकात, अंदलुसियातील कुर्तुबा शहरात राहणारे. शायर, संशोधक, काच आणि घड्याळांचे जाणकार. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. त्यांच्या उड्डाणाचे जे वर्णन आपल्यापर्यंत आले, ते अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकाराने जुन्या साधनांवरून लिहून ठेवलेले आहे. अंगाला पिसे लावली, पंख बांधले, उंचावरून झेपावले, बरेच अंतर गेले. उतरताना मात्र पाठीला जबर मार लागला. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि यांनी शेपूट केलीच नव्हती, असे कारणही तिथे दिले आहे. मिनिटांचा आकडा त्या वर्णनात नाही. तो नंतर कोणीतरी चिकटवला.

आता एक्स-रेच्या पाकिटावरचा हिशेब पुन्हा बघा. उत्तम नायलॉनचा सूट घालून अकरा मिनिटे राहायला साडेबारा किलोमीटर उंची लागली. मग कुर्तुब्याच्या टेकडीवरून दहा मिनिटे कशी होतील? अब्बाजी जरा हिरमुसले. पण भाचा म्हणाला, "दादा, पण शेपटीचं त्यांना कळलं ना! म्हणजे कुठं चुकलं ते त्यांनी शोधलं." अब्बाजींना ते पटले. मलाही वाटते, खोट्या दहा मिनिटांपेक्षा या खऱ्या शेपटीत त्या माणसाची जास्त इज्जत आहे. आपल्या बुजुर्गांबद्दल मुलांना सांगताना आकडा फुगवू नये. मूल मोठे होऊन हिशेब करते, आणि मग त्याचा खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

आणि चूक शोधायला सगळेच जिवंत राहिले नाहीत, हेही मी मुलांना सांगितले. लपवले नाही. फ्रान्झ राइशेल्ट हा पॅरिसचा शिंपी होता. त्याने स्वतः शिवलेला पॅराशूटचा कोट घालून ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, ५७ मीटरवरून, उडी मारली आणि तो जागीच गेला. पुतळा टाकून चाचणी करीन असे त्याने अधिकाऱ्यांना सांगितले होते. कापडी पंख लावणारा क्लेम सोन १९३७ मध्ये गेला, लाकडी पंखांचा लिओ व्हॅलांतीन १९५६ मध्ये. आजचा विंगसूट ज्याच्या कामातून आला तो फ्रान्सचा पॅट्रिक द गायार्दों १९९८ मध्ये. नऊ मिनिटांवाला फ्लोरेझ २०१५ मध्ये विंगसूटच्या उड्डाणातच गेला. आवाजाला मागे टाकणारे बाउमगार्टनर जुलै २०२५ मध्ये पॅराग्लायडिंग करताना वारले. हे सगळे अडाणी नव्हते. जाणकार होते. भाचीने राइशेल्टची गोष्ट ऐकून आपल्या सुटाची घडी घातली आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसली.

मग तिने विचारले, "आपल्याकडची कोणी आहे का?" आहे. शीतल महाजन, पुण्याच्या. आपल्या खानदेशात महाजन आडनाव गल्लोगल्ली आहे, म्हणून भाचीला आधी त्या जळगावच्याच वाटल्या. १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी मारली. थंडी उणे ३७ अंश. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती.

हे ऐकताच भाच्याचे डोळे चमकले. "बघा! पहिलीच!"

मुलांच्या अशा 'बघा'ला टाळू नये, उत्तर द्यावे. ती उडी २,४०० फुटांवरून होती. इतक्या कमी उंचीवर मोकळे पडायला वेळ नसतोच, पॅराशूट लगेच उघडावे लागते. पाठीवर खरे पॅराशूट होते, सोबत जाणकार माणसे होती. पुढे डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली, तेव्हा काही सेकंद मोकळे पडणे आले. आधी कमी उंची, मग जास्त. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. सव्वाआठ मीटर कापड अंगावर आणि खालून ताशी दोनशे किलोमीटरचा वारा. एक पदर सुटून पॅराशूटच्या हँडलवर आला तर काय होईल, ते शिवणकाम करणाऱ्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली.

त्यांच्या उड्या सातशेच्या वर झाल्या आहेत. आम्ही पाकिटावर आणखी एक हिशेब केला. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर मोकळे पडण्याचा वेळ साधारण एक मिनिट. सातशे उड्या म्हणजे सातशे मिनिटे. बारा तासही नाहीत! वीस वर्षांची मेहनत, आणि हवेत पडण्याचा सगळा वेळ मिळून दिवसभराच्या उजेडाएवढा. बाकीची वर्षे कुठे गेली? पॅराशूटची घडी घालण्यात, पट्टे तपासण्यात, वाऱ्याची वाट पाहण्यात, पैसे उभे करण्यात. अमेरिकेत तर साध्या पॅराशूटच्या दोनशे उड्या झाल्याशिवाय विंगसूट घालू देत नाहीत. चाळीस हजार फुटांवर जाणाऱ्याला आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. तिथली थंडी उणे पन्नासच्या खाली. व्हिडिओ सुरू होतो तो विमानाचे दार उघडल्यावर. त्याच्या आधीचे कोणी दाखवत नाही.

संध्याकाळी गच्चीत उभे होतो तेव्हा गोंदूरच्या विमानतळाकडून एक छोटे विमान घरघरत गेले. धुळ्याच्या लोकांना ते नवीन नाही, तिथे वैमानिक घडवतात. शिरपूरलाही घडवतात. त्यांत मुलीही असतात. "त्यातली एक पडली होती ना?" आपाने विचारले. तिला आठवत होते. १६ जुलै २०२१, शुक्रवार. शिरपूरहून उडालेले प्रशिक्षणाचे विमान आपल्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक गेले. शिकणारी मुलगी जखमी होऊन पडली होती. तिथे गाडीचा रस्ता नव्हता. आवाज ऐकून आदिवासी भाऊ-बहिणी धावल्या, एका भगिनीने आपली साडी दिली, लाकडाला बांधून तिची झोळी केली आणि त्या मुलीला डोंगरातून खाली आणले. ती वाचली.

आपाने ही गोष्ट काढली होती मुलीला घाबरवण्यासाठी. पण सांगता सांगता तिचाच आवाज बदलला. झोळीपाशी आल्यावर ती थांबली आणि आत निघून गेली. धोका खरा आहे. तालीम घेतलेल्यांनाही तो सोडत नाही. आई म्हणून तिची भीती चुकीची नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते. या वयातल्या मुलांच्या हौशीवर लिहिताना आपण आईच्या भीतीला फार लवकर मागास ठरवतो.

पण मोबाईल कपाटात बंद करून ती भीती जात नाही. मुलाने व्हिडिओ आधीच पाहिला आहे, प्रश्न त्याच्या डोक्यात आहे. आपण उत्तर दिले नाही तर तो गॅलरीवर जाऊन उत्तर शोधतो. शिक्षिका म्हणून मला याची जास्त लाज वाटली. 'वेळ = अंतर भागिले वेग' हे सूत्र त्याने सातवीत पाठ केले होते, परीक्षेत आगगाडी आणि बोगद्याची उदाहरणेही सोडवली होती. ते सूत्र आपल्या टाचेलाही लागू होते, हे आम्ही कोणी त्याला सांगितले नाही.

पालकांनी विचारले तर सरळ मार्गही आहेत, ते थोडक्यात सांगते. व्यावसायिक वैमानिकासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, म्हणून दहावीनंतर शाखा निवडताना हे लक्षात ठेवा. प्रशिक्षणाचा खर्च फार मोठा असतो, कर्ज आणि शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करा. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर ती घ्या. मुलींसाठीही असते. कॉलेजच्या निवडक कॅडेट मुला-मुलींना आग्रा येथे लष्कराच्या शाळेत पॅराशूट उडीचे शिक्षण मिळते. तिथे पहिले दिवस जमिनीवरच जातात, कसे उतरायचे, पाय कसे जुळवायचे, कुशीवर कसे लोळायचे हे शिकण्यात. आमच्या पोराला नेमके तेच ठाऊक नव्हते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. भाचा अजून जरा लंगडतो. त्याने वहीत दोन रकाने आखले आहेत, 'व्हिडिओत दिसते' आणि 'व्हिडिओत दिसत नाही'. दुसरा रकाना पानभर झाला असून खाली उतरतो आहे. सूट भाची उसवायला बसली होती. दुल्हेभाई म्हणाले, राहू दे.

भाचीने कॉलेजातून एनसीसीचा फॉर्म आणला आहे. त्यावर पालकाची सही लागते. मागच्या जुम्याला दुल्हेभाईंचा मला फोन आला. फॉर्म समोर ठेवून बसले होते. सही केली का, असे मी विचारले नाही. त्यांनीच विचारले, "आग्र्याला मुलींच्या सोबत कोण असतं? राहायची सोय कशी असते? पहिली उडी किती उंचीवरून?" मला जे माहीत होते ते सांगितले, जे नव्हते ते लिहून घेतले आणि तिच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या मॅडमना भेटायला सांगितले. सोमवारी ते रात्रपाळी संपवून झोपायच्या आधी तिकडे जाणार आहेत. सही अजून झालेली नाही.

पुढच्या महिन्यात शुद्धलेखन, इन्शाअल्लाह. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुलांच्या वहीतून निवडून ठेवा.